क्रोमियमचे दहा

केमिस्ट्री येत नसेल तरी खुशाल वाचा. या गोष्टीत ज्यांना ती येत होती, त्यांनाही तिचा काडीचा उपयोग झाला नाही.

मी उल्का साठ्ये. सकाळी कर्वेनगरच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितकाच पगार, आणि उन्हाळ्यात हवा खा. दुपारनंतर सदाशिव पेठेत अनिरुद्ध सरांच्या क्लासमध्ये शिकवते. 'सर' हे लोकांसमोर. एरवी तो माझाच विद्यार्थी, बारावीत पहिल्या बाकावर बसून नाकात बोट घालणारा. पुढे इंजिनिअर झाला, सन दोन हजार साली जगभरचे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून जी पोरं अमेरिकेला नेली त्यांच्यात हाही गेला. कॉम्प्युटर काही बंद पडले नाहीत, पण तिकडचा डॉटकॉमचा फुगा फुटला, तसा वर्षा-दीड वर्षात परत आला आणि क्लास काढला. दुसऱ्या मजल्यावर क्लास, पहिल्यावर दातांचा दवाखाना. दोन्हीकडची माणसं एकाच जिन्याने चढतात आणि चेहऱ्यावरून कोण कुठे चाललंय ते ओळखता येत नाही.

आता थोडं शिकवते. सवय आहे, जात नाही.

ऑक्सिडेशन नंबर म्हणजे एक समजूत. रेणूमध्ये अणू एकत्र नांदत असतात, इलेक्ट्रॉन सामाईक असतात. आपण समजायचं की जो जास्त ओढतो त्याने ते सगळे घेतले आणि दुसऱ्याने दिले. खरं तसं घडत नाही. पण तसं समजलं की हिशेब सुटतो. त्याचे नियम आहेत. सुट्या मूलद्रव्याला शून्य. फ्लोरीनला कायम उणे एक, त्याच्याशी वाद घालायचा नाही. हायड्रोजन सहसा अधिक एक. ऑक्सिजन सहसा उणे दोन. सगळ्यांची बेरीज शून्य. यातला 'सहसा' हा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा, आणि पोरं नेमका तोच गिळून टाकतात. म्हणून मी शेवटी आणखी एक नियम सांगते. उत्तर आलं की त्या अणूकडे वळून बघायचं. त्याच्याकडे द्यायला एवढे इलेक्ट्रॉन आहेत का? नसतील तर तुमचं उत्तर चूक. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एवढी वर्षं मी हा नियम या म्हणीनेच शिकवत आले. पोरं हसतात, म्हण वहीत लिहून घेतात आणि विसरतात.

रुपाली खोब्रागडे विसरली नाही.

ती आमच्या कॉलेजात अकरावीला होती. घर भंडाऱ्याकडचं, पण ती वाढली इथेच, कर्वेनगरच्या मागच्या वस्तीत. वडील सुखदेव खोब्रागडे आधी एका जुन्या कारखान्यात लेथवर होते. कारखाना बंद झाला, जागेवर काचेची इमारत उभी राहिली, आणि सुखदेव आता तसल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीच्या गेटवर निळा शर्ट घालून सलाम ठोकतात. मुलीला डॉक्टर व्हायचं होतं. आमच्याकडे प्रत्येक मुलीला डॉक्टर व्हायचं असतं, पहिली चाचणी होईपर्यंत. हिला चाचणीनंतरही व्हायचं होतं.

कॉलेजची लॅब तेव्हा अर्धीच राहिली होती. मध्ये प्लायवूडची भिंत घालून पलीकडे कॉम्प्युटर बसवले होते, कारण बीएस्सी केमिस्ट्रीला कुत्रं फिरकत नव्हतं आणि तिकडे मात्र रांगा. पलीकडे एसी, अलीकडे एक पंखा, तोही मूडवर. त्या अर्ध्या लॅबमध्ये मी दरवर्षी एक प्रयोग करून दाखवते. डायक्रोमेटचं नारिंगी द्रावण, त्यात थोडं आम्ल, वर ईथरचा थर, मग गार हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब. नळी हलवली की वरचा थर निळा होतो. असा निळा की लॅबमध्ये येऊन टवाळक्या करणारी पोरंही गप्प होतात. त्या निळ्यात क्रोमियम एक आणि ऑक्सिजन पाच.

"सांगा, क्रोमियमचा नंबर किती?"

"प्लस टेन!" सगळा वर्ग. पाच ऑक्सिजन, प्रत्येकी उणे दोन, झाले दहा. सरळ आहे.

मागून आवाज आला, "दहा कसे येतील मॅडम? त्याच्याकडे द्यायला सहाच तर आहेत."

"मग?"

"मग ऑक्सिजन सगळे दोन-दोन घेऊन नसतील राहिले."

तिच्या 'घेऊन नसतील राहिले'ला पोरं फिसकन हसली. उत्साहात आली की घरची बोली बाहेर यायची तिच्या तोंडून. मी म्हटलं, "हसा, हसा. तिचं व्याकरण तुम्हाला कळलं, तुमची केमिस्ट्री तिला कळली. आता कोण पास होणार ते बघू." मग मी फळ्यावर आकृती काढली. पाचांतले चार ऑक्सिजन जोडीजोडीने एकमेकांनाच धरून बसलेले असतात, म्हणून ते एकेकच इलेक्ट्रॉन ओढतात. उरलेला एक दोन ओढतो. चार आणि दोन सहा. क्रोमियमने दिले सहा. त्याच्याकडे होतेही सहाच. संपलं.

रुपाली नळीकडे बघत होती. निळा जाऊन द्रावण हिरवं पडायला लागलं होतं.

"टिकत नाही का मॅडम?"

"ईथरमध्ये थोडा वेळ टिकतं. पाण्यात लगेच जातं."

"मग पुन्हा करा ना," म्हणाली. मी केलं. ईथर महाग आहे म्हणून लॅब असिस्टंटने तोंड वाकडं केलं, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

अनिरुद्धच्या क्लासमध्ये बारावीची एक विशेष तुकडी असते. अकरावी संपली की चाचणी, शहरभरातून पोरं बसतात. पहिल्या दहांना बारावीचं पूर्ण वर्ष आणि मेडिकलच्या सीईटीची सगळी तयारी फुकट. बाकीच्यांनी फी भरायची, आणि फी अशी की सुखदेव खोब्रागड्यांसारख्या माणसाने बोर्ड वाचूनच जिना उतरावा. तसे ते उतरलेही होते एकदा. घरी बसून सीईटी काढणारी मुलं असतात म्हणे. मला एवढ्या वर्षांत भेटली नाहीत. तेव्हा रुपालीला डॉक्टर व्हायचं तर त्या दहांत यायचं, दुसरा रस्ता नव्हता, आणि हे तिला, तिच्या बापाला आणि मला तिघांनाही ठाऊक होतं.

चाचणीत ती अकरावी आली. एका मार्काने.

प्रत्येकाला उत्तरांचा प्रिंटआउट मिळायचा. तो घेऊन ती कॉलेजात आली. रडत वगैरे नव्हती. म्हणाली, "मॅडम, माझी बाकीची चुकलेली सगळी खरंच चुकलीयत, मी तपासलं. पण हे बघा ना."

प्रश्न तोच, क्रोमियम एक, ऑक्सिजन पाच. तिने सहाचा गोळा काळा केला होता. कॉम्प्युटर म्हणत होता, बरोबर उत्तर दहा.

मला एकदम कळलं कुठे पाणी मुरतंय ते. अनिरुद्धने एक प्रोग्रॅम लिहिला होता. सूत्र घातलं की प्रोग्रॅमच प्रश्न काढणार आणि प्रोग्रॅमच उत्तर देणार. नियम माझेच. तो विचारायला आला तेव्हा मी सगळे सांगितले होते, आडाचा आणि पोहऱ्याचाही. त्याने शेवटचा गाळला. मला म्हणालाही होता, "मॅडम, बाकीच्या नियमांनी उत्तर निघतंय ना, मग हा कशाला? उगाच स्लो होतो." तेव्हा मला वाटलं, गंमत करतोय.

दुपारी मी त्याच्या केबिनमध्ये गेले. तिथे एसी होता आणि भिंतीवर अमेरिकेतल्या कुठल्याशा पुलाचा फोटो. कागद त्याच्यापुढे ठेवला.

त्याने बघितलं, ओठांतल्या ओठांत पुटपुटला, आणि म्हणाला, "चुकलंय."

खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, काहीही झालं तरी माझा विद्यार्थी आहे. चहा येईपर्यंत ते बरं वाटणं टिकलं.

"मग उत्तरांची की बदल. तिचा एक वाढेल, दहाव्याने दहा लिहिलं असेल तर त्याचा एक जाईल. ती आत."

"दहावा तेजस आहे मॅडम."

"असेना. मी काही त्याच्या बारशाला जेवले नाही."

"मॅडम, फ्लेक्स लागलाय. टिळक रोडला. दहा फोटो. त्याच्या वडिलांनी स्वतः उभं राहून फोटो काढलाय फ्लेक्ससोबत."

"मग फ्लेक्स काढ. फ्लेक्स उतरवता येतो, क्रोमियममध्ये चार इलेक्ट्रॉन घालता येत नाहीत."

तो हसला. माझ्या बोलण्याला हसायची त्याला जुनी सवय आहे, आणि त्याचं हसणं संपलं की तो करतो तेच जे त्याला करायचं असतं. "मॅडम, आपण जाहिरातीत काय लिहिलंय? शून्य चूक, संगणकीय तपासणी. एक चूक कबूल केली की उद्या प्रत्येक पालक प्रत्येक प्रश्नाचा कागद घेऊन या जिन्यात उभा राहणार. आणि प्रश्नसंचाची सीडी गेली विकून. पोरांच्या घराघरात आहे. त्यात दहाच आहे. सगळ्या पोरांनी दहा लिहिलंय. एक मुलगी सोडून."

"म्हणजे एका मुलीला येत होतं."

"म्हणजे एका मुलीने सीडी बघितली नव्हती." मग खाली वाकून चहात बिस्किट बुडवत म्हणाला, "आणि तिला काय मॅडम, कॅटेगरी आहे. थोड्या कमी मार्कांतही होऊन जाईल तिचं."

माझं डोकं सणकलं. "अनिरुद्ध, तिने तुझ्याकडे कॅटेगरी मागितली का? तिने एक मार्क मागितला. तोही तिचा स्वतःचाच आहे, तुझ्या खिशातला नाही. तू तो चोरलायस आणि वर तिलाच सांगतोयस की तुझ्या घरी दुसरं आहे की. लाज वाटत नाही?"

"वाटते," तो म्हणाला. खरंच म्हणाला. बिस्किटाचा तुकडा चहात पडला, तो त्याने चमच्याने काढला. "वर्गात तुम्ही सहाच शिकवा मॅडम. मी कधी नाही म्हणालो? फक्त चाचणीला ही की चालेल."

तुम्ही म्हणाल, नोकरी फेकायची तोंडावर. फेकली असती. पण मग क्लासमध्ये सहा म्हणणारं कुणी उरलं नसतं, आणि कॉलेजात आणखी एक प्लायवूडची भिंत कधी उभी राहील याचा नेम नव्हता. शहाण्या माणसाला कारणं शोधायला वेळ लागत नाही. मी क्लासच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत सहा लिहिलं, आकृती काढली, खाली लिहिलं, 'सीडीतलं उत्तर चूक आहे.' पोरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे बघतात, जे अजून आणे-पैशांत बोलतं. निकिता नावाच्या एका हुशार मुलीने हात वर करून विचारलं, "मॅम, पण सर ने तो टेन बोला है ना?" मराठी मुलगी बरं का, आईवडील दोघंही कॉम्प्युटरवाले. मी म्हटलं, सर क्रोमियमपेक्षा मोठे असतील, माझी ना नाही.

जूनमध्ये तेजस राजस्थानात कोट्याला गेला. तिथे म्हणे पोरं पहाटेपासून अभ्यास करतात आणि घरची आठवणसुद्धा टाइमटेबलप्रमाणे काढतात. अनिरुद्धने मला केबिनमध्ये बोलावलं. अगदी खुशीत होता. "मॅडम, तुमच्या मुलीचं काम झालं. एक जागा रिकामी झालीय. पुढच्या पाच जणांची पुन्हा चाचणी घेतो. ती आरामात येईल."

"तो प्रश्न काढून टाक."

"काढता येत नाही मॅडम. महत्त्वाचे प्रश्न ठरलेले असतात, पालकांनाही माहीत असतात. तो काढला तर का काढला विचारतील." मग जरा थांबून म्हणाला, "सांगा की तिला, दहा लिही म्हणावं. काय बिघडतं? आपल्याला ठाऊक आहे ना खरं काय ते."

आणि एकच प्रश्न नव्हता. मी सीडी घरी नेऊन बघितली. जिथे जिथे ऑक्सिजन जोडीने बसलेला, तिथे तिथे प्रोग्रॅमने त्याला उणे दोनच लावलेले. सल्फरला आठ दिले होते, बिचाऱ्याकडे सहाच. जागोजाग आडात नसलेलं पाणी पोहऱ्यात. रुपालीला एकदा खोटं लिहून भागणार नव्हतं, सगळी सीडी पाठ करायला लागणार होती.

सुखदेव खोब्रागडे माझ्या घरी आले. ड्यूटी संपवून तसेच, निळ्या शर्टात. दारातच उभे. आत या म्हटलं तर खुर्चीच्या कडेवर बसले, टोपी मांडीवर.

"जय भीम मॅडमजी. पोरगी ऐकत नाही. म्हणते, सहाच लिहीन. मॅडमनं सहा शिकवलं. तुमी सांगा ना जी तिले, दहा लिहून दे म्हणा."

"अहो, दहा खोटं आहे. मी कसं सांगू?"

"खोटं आहे ते समजलं मले. पोरीनं समजावलं, आकृती काढून. चार ऑक्सिजन जोडीनं बसले म्हणे." ते थोडं हसले. "माझी कंपनी बंद पडली नं, तेव्हा साहेब म्हणाले, लिहून दे, मी राजीखुशीनं नोकरी सोडून राहिलो. मी राजी नव्हतो आन् खुशही नव्हतो. पण लिहून देल्लं. जो नाही म्हणला त्याले काहीच नाही भेटलं, अजून कोर्टात फिरून राहिला तो. मी लिहून देल्लं म्हणून पोरगी शिकून राहिली. मंग तिनं एक दहा लिहिलं तर काय होते जी?"

माझ्याकडे सगळे नियम होते, याला लागू पडेल असा एकही नव्हता. मी म्हटलं, बघते. पाणी दिलं. ते पिऊन त्यांनी पेला स्वतःच मोरीत नेऊन ठेवला, मी नको नको म्हणत असताना.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून कॉलेजात गेले. काय ठरवून, ते विचारू नका, सकाळी एक होतं आणि बसमध्ये दुसरं. तास संपल्यावर रुपाली लॅबमध्ये टेस्टट्यूब धूत होती. तिच्याकडे काम नव्हतं ते, उगाच धूत होती. मी दारातून आत आले आणि तोंड उघडलं.

"तुम्ही बोलू नका मॅडम," ती म्हणाली. पाठमोरीच. "पप्पा आले होते ना तुमच्याकडे? मी दहा लिहिणार आहे. सायबर कॅफेत जाऊन सीडी बघितली. सगळी पाठ झाली."

"रुपाली..."

"तुम्ही दहा म्हणू नका पण. कुणीतरी एक माणूस सहा म्हणणारं पाहिजे." मग वळली, आणि नळी उलटी करून स्टँडला लावत म्हणाली, "तुम्ही सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. मग मला पुढे कुणाचंच खरं वाटलं नसतं."

पोरीच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या मनात आलं, ही टिकेल. तिला खरं ठाऊक आहे आणि आपण खोटं कशासाठी बोलतोय तेही ठाऊक आहे. दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवेल, आणि पुढे पांढरा कोट अंगावर आला की खोट्याचा कप्पा रिकामा करून टाकेल. पलीकडून प्लायवूडमधून कुणाच्यातरी कॉम्प्युटरचं टिंग टिंग ऐकू येत होतं.

चाचणीत तिला पैकीच्या पैकी मिळाले. अनिरुद्ध म्हणाला, "बघा, मी म्हणत नव्हतो?" फ्लेक्स नवा करायचा खर्च नको म्हणून तेजसच्या चेहऱ्यावर रुपालीचा फोटो चिकटवला. फोटो जरा लहान पडला. कडेने तेजसचा एक कान दिसत होता. सुखदेव तो फ्लेक्स बघायला बायकोला घेऊन टिळक रोडला गेले, आणि येताना माझ्याकडे पेढे. मी खाल्ले. चांगले होते.

विशेष तुकडीवर केमिस्ट्रीला मीच. दहा पोरं, एसी खोली, प्रत्येकाला वेगळं बाक. रुपाली भिंतीशी बसायची. सुरुवातीचे आठवडे तिने मान वर केली नाही. आठवड्याला दोन चाचण्या, सगळ्या त्या प्रोग्रॅमवर, आणि जो दोनदा घसरेल तो तुकडीबाहेर. तिला प्रत्येक वेळी पूर्ण मार्क. मला वाटायचं, कप्पे सांभाळतेय पोरगी. एकदा जिन्यात भेटली तेव्हा विचारलं, "जमतंय ना?" म्हणाली, "हो मॅडम. आता लवकर होतं. आधी दोन्ही काढायचे आणि मग त्यांचं लिहायचे, त्यात वेळ जायचा." घाईत होती. मी 'छान' म्हटलं आणि वर आले. वर आल्यावर ते वाक्य पुन्हा ऐकू आलं मला, पण तोवर तास सुरू झाला होता.

पावसाळा सरत आला तेव्हा ऑक्सिडेशन नंबरची उजळणी आली. मी फळ्यावर सल्फरचं एक आम्ल लिहिलं. हायड्रोजन दोन, सल्फर एक, ऑक्सिजन पाच. त्यातले दोन ऑक्सिजन जोडीने बसलेले. दिसायला नवीन, पण क्रोमियमचाच भाऊ. विचारलं, "सल्फर किती?"

"प्लस एट," तुकडी म्हणाली. निकिताने तर पेनही उचललं नाही.

"नीट बघा. सल्फरकडे आहेत किती? सहा. मग आठ कुठून देईल तो? आडातच नाही तर..." मी थांबले. पुढचं कुणी म्हणेल म्हणून. कुणी म्हणालं नाही. मी भिंतीकडे बघितलं. "रुपाली, तू सांग."

ती उभी राहिली. उद्धटपणा नाही, टवाळी नाही, तसली ती मुलगीच नव्हे. वही हातात, पेनाचं टोपण काढलेलं.

"मॅडम, सीडीत आठ आहे. आणि तुमचं सहा." मग अगदी शंका विचारावी तसं तिने विचारलं, "लिहायचं कुठलं?"

कुणी हसलं नाही. बाकीच्या नऊ जणांचीही तीच शंका होती, सगळे उत्तराची वाट बघत होते.

"माझं नाही गं ते," मी म्हणाले. "सल्फरचं आहे."

"हो मॅडम," रुपाली म्हणाली, खाली बसली आणि तिने वहीत आठ लिहिलं.